टॉक ऐकला, आता करायचं काय?

यावेळी टॉकबद्दलचेच, म्हणजे कॉन्फरन्समधल्या भाषणांबद्दलचेच प्रश्न इतके आलेत की बाकीचे पुढच्या अंकावर ढकललेत. पत्रं लांबलचक होती, थोडी छाटलीत, राग मानू नका.

प्रश्न : मी वेब डेव्हलपर आहे. रोज रात्री कॉन्फरन्सचे टॉक बघतो, बघताना सगळं पटतं आणि सकाळी वाटतं आपलं प्रोजेक्ट जुनाट आहे, सगळं नव्याने लिहायला हवं. टीममधले वैतागलेत माझ्यावर. टॉक बघणं बंद करू का?

उत्तर : बंद कशाला करताय, फक्त एकाच माणसाचे दोन टॉक बघायची सवय लावा, एक तो नवीन काहीतरी घेऊन आला तेव्हाचा आणि दुसरा बऱ्याच वर्षांनंतरचा. रायन डाल या प्रोग्रामरने २००९ साली जेएसकॉन्फ ईयू या जावास्क्रिप्टच्या कॉन्फरन्समध्ये नोड जेएस, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवायचं त्याने बनवलेलं सॉफ्टवेअर, दाखवलं, त्यात त्याचा मुद्दा असा की प्रोसेसरला सगळ्यात जवळच्या कॅशमधून, म्हणजे त्याच्या आतल्याच छोट्या मेमरीतून, डेटा आणायला ३ सायकल (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) लागतात, रॅममधून २५०, डिस्कवरून ४ कोटी १० लाख आणि नेटवर्कवरून २४ कोटी, मग सर्व्हरने डिस्कच्या उत्तराची वाट बघत नुसतं बसून का राहायचं, तेवढ्या वेळात दुसऱ्या कुणाचं काम उरकू दे की. आता यात न पटण्यासारखं काय आहे? आणि मग २०१८ साली त्याच कॉन्फरन्समध्ये हाच माणूस उभा राहतो आणि नोडबद्दल आपल्याला कशाकशाचा पश्चात्ताप होतो त्याची यादी वाचतो, सिक्युरिटीकडे झालेलं दुर्लक्ष, प्रॉमिसेस (उशिरा येणारं उत्तर हाताळायची सोय) आधी घालून मग काढून टाकले ते, पॅकेज जेसन ही प्रोजेक्टची माहिती ठेवणारी फाइल, बाहेरच्या लायब्ऱ्यांनी भरलेला तो अवाढव्य नोड मॉड्यूल्सचा फोल्डर... आणि शेवटी नोडच्या जागी वापरता येईल असं आपलं नवं डेनो दाखवतो. मला विचाराल तर शिकायला जास्त दुसऱ्या टॉकमध्ये मिळतं.

आणखी एक गंमत बघा. पहिल्या टॉकमधला डिस्कचा आकडा फिरत्या डिस्कचा आहे. मिनिटाला ७२०० फेरे मारणाऱ्या डिस्कला एक फेरा पूर्ण करायलाच ८ मिलिसेकंदांच्या वर लागतात, शिवाय हेड सरकायला वेळ जातो तो वेगळाच. एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, आली आणि हेच काम ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास आलं, म्हणजे ३ गिगाहर्ट्झच्या (सेकंदाला ३०० कोटी सायकलच्या) प्रोसेसरवर ४ कोटींचे झाले ३ लाख. नेटवर्कचं मात्र तसं झालं नाही आणि होणारही नाही, कारण फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, त्यामुळे सर्व्हर १०,००० किलोमीटरवर असेल तर नुसत्या जाऊन-येऊन १०० मिलिसेकंद गेलेच, मग तुम्ही कुठलंही फ्रेमवर्क वापरा. म्हणजे एकाच स्लाइडवरचा एक आकडा शिळा झाला आणि दुसरा अजून तसाच्या तसा आहे. टॉक बघताना हे शोधायचं, की समोरच्याचं म्हणणं कुठल्या आकड्यावर उभं आहे आणि तो आकडा आपल्याकडे तेवढाच आहे का.

तुमच्यापुरतं सांगायचं तर नव्याने लिहायचा विषय काढण्याआधी ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडून पेज कुठे अडतंय ते बघा. बऱ्याचदा तिथे एखादी काही एमबींची इमेज निघते, नाहीतर उशिरा येणाऱ्या उत्तरामागे इंडेक्स (डेटा पटकन सापडावा म्हणून ठेवलेली सूची) नसलेली डेटाबेस क्वेरी निघते, आणि त्यावर कुणी टॉक देत नाही कारण त्यात मिरवण्यासारखं काही नसतं. उलटही होतं म्हणा, २०१३ साली रिअ‍ॅक्ट ही वेब पेज बनवायची लायब्ररी पहिल्यांदा जेएसकॉन्फ यूएसमध्ये दाखवली तेव्हा जावास्क्रिप्टमध्ये एचटीएमएलसारखं लिहिलेलं बघून लोकांनी नाकं मुरडली होती, पुढे तेच जगभर वापरलं गेलं हे तुम्हाला माहितीच आहे. त्यामुळे हॉलमधल्या टाळ्यांवरूनही काही ठरवू नका.

प्रश्न : मला ऑफिसमध्ये कॉम्प्युटर हार्डवेअरवर बोलायचंय, समोर अर्धे प्रोग्रामर आणि अर्धे अकाउंट्स, एचआरवाले. ६० स्लाइड झाल्यात आणि अजून ग्राफिक्स कार्ड बाकी आहे!

उत्तर : ग्राफिक्स कार्ड राहू द्या. आणि त्या ६० पैकी ५० पण. अमेरिकी नौदलातल्या कॉम्प्युटर तज्ज्ञ ग्रेस हॉपर भाषणाला जाताना तारेचे तुकडे घेऊन जायच्या, प्रत्येक तुकडा सुमारे ३० सेंटीमीटरचा, एका नॅनोसेकंदात (सेकंदाच्या अब्जाव्या भागात) वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर जाऊ शकते असं सांगून लोकांच्या हातात द्यायच्या. त्याच्याच शेजारी मायक्रोसेकंदाची, म्हणजे हजार नॅनोसेकंदांची, तार दाखवायच्या, ती जवळपास ३०० मीटरची गुंडाळी. नौदलातल्या बड्या अधिकाऱ्यांनाही मग कळायचं की सॅटेलाइटवरून निरोप यायला वेळ का लागतो. तुम्ही हेच पुढे न्या. रॅममधून डेटा यायला १०० नॅनोसेकंद धरले तर तार होते ३० मीटरची, फिरत्या डिस्कचे १० मिलिसेकंद धरले तर ३,००० किलोमीटर! एवढं सांगितलंत की जुन्या मशिनमध्ये एसएसडी टाकल्यावर एकदम जीव का येतो हे अकाउंट्सवाल्यांनाही वेगळं समजवावं लागणार नाही, आणि प्रोग्रामरांना कॅशची किंमत कळेल ती वेगळीच.

मशिन उघडून दाखवणार असाल तर ते चालू नसलेलं, जुनं घ्या, सगळ्यांना हात लावू द्या. लाइव्ह डेमो करायचाच असेल तर आदल्या दिवशी त्याचं रेकॉर्डिंग करून ठेवा.

प्रश्न : आमचं प्रोजेक्ट लेट झालंय. सर कुठलासा अजाइलवरचा, म्हणजे सॉफ्टवेअर थोडं थोडं करत बनवायच्या पद्धतीवरचा टॉक ऐकून आले, आता दोन आठवड्यांचे स्प्रिंट (कामाचे टप्पे), रोज सकाळी स्टँड-अप (उभ्याने घ्यायची छोटी मीटिंग) आणि टीममध्ये सहाची दहा माणसं. मी टीम लीड आहे, काम आणखी मागे पडतंय हे सरांना सांगू कसं?

उत्तर : चार माणसं वाढली म्हणून कामाचा वेग तेवढा वाढतो असं सरांना वाटत असणार. सहा जणांत एकमेकांशी बोलायच्या जोड्या होतात १५, दहा जणांत ४५. शिवाय नव्यांना शिकवणार कोण, तर जुनेच, आणि ते शिकवत बसले की कोड कोण लिहिणार? आयबीएमच्या ओएस ३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्सने १९७५ सालीच लिहून ठेवलंय की लेट झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर माणसं वाढवली की ते आणखी लेट होतं. पण त्याने तिथेच हेही म्हटलंय की मी हे फारच ढोबळ करून सांगतोय, ते टॉकवाले सहसा गाळतात. म्हणून सरांना सरळ नियम ऐकवू नका, जुन्या कोडला हात न लावता करता येईल असं काम काढा, टेस्टिंग, डॉक्युमेंटेशन, एखादा सुटा रिपोर्ट, आणि चौघांना तिकडे वळवा. सरांचाही मान राहील.

स्प्रिंटचं म्हणाल तर २००१ साली १७ जणांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला त्यात दोन आठवड्यांची सक्ती कुठेच नाही, त्यांच्या तत्त्वांत दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत चालेल, कमी असेल तर बरं, एवढंच आहे. तीन आठवडे मागून बघा. स्टँड-अप १५ मिनिटांत संपत नसेल तर दहा जणांच्या पाच-पाचच्या दोन टीम करा. आणि मुख्य म्हणजे कामांची यादी घेऊन बसा आणि यातलं काय या रिलीजमध्ये नको ते सरांकडूनच खोडून घ्या, कारण तारीख हलत नाही आणि माणसं वाढून उपयोग नाही म्हटल्यावर कमी करायला तेवढंच उरतं.

प्रश्न : टॉक संपल्यावर प्रश्न विचारावासा वाटतो पण आपला प्रश्न बावळट वाटेल म्हणून गप्प बसते. काय विचारावं?

उत्तर : हे तुमच्याकडे लाइव्ह कधीपासून आहे, आणि रात्री बंद पडलं तर फोन कुणाला जातो?