अर्थची पिन काढली आणि हमिंग गेलं, असंच ठेवू का?

प्रश्न : इंदिरानगरला चौथ्या मजल्यावर राहतो. हॉलमधे स्टिरिओ अँप्लिफायर, दोन स्पीकर, टीव्ही आणि केबलचा सेट-टॉप बॉक्स आहे. टीव्हीचा आवाज अँपला जोडल्यापासून सतत हूंऽऽ असा आवाज येतो, रात्री तर बेडरूमपर्यंत ऐकू येतो. वायरमनला बोलावलं, त्याने अँपच्या प्लगची वरची जाड पिन काढून टाकली आणि आवाज एकदम बंद. आता दोन महिने झाले, सगळं मस्त चाललंय. पण मुलगी म्हणते हे बरोबर नाही. असंच ठेवलं तर चालेल का?

उत्तर : मुलगी बरोबर बोलतेय. पुढचं वाचायच्या आधी अँपचा प्लग काढून ठेवा आणि आजच नवीन थ्री-पिन टॉप बसवून घ्या, चांगल्या कंपनीचाच घ्या, फार महाग येत नाही.

ती जाड पिन म्हणजे अर्थ, आणि ती अँपच्या लोखंडी बॉडीला जोडलेली असते. उद्या आतल्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं किंवा एखादी वायर सुटून बॉडीला टेकली तर २३० व्होल्ट बॉडीवर येतात, अर्थ असेल तर करंट तिथून जमिनीत जातो आणि फ्यूज किंवा एमसीबी उडते, पण पिन काढलेली असेल तर बॉडी तशीच जिवंत राहते, आणि बॉडीबरोबर मागच्या सगळ्या आरसीए पिनांची (लाल-पांढऱ्या ऑडिओ वायरी लावतात त्या) बाहेरची कडीसुद्धा, म्हणजे टीव्हीची वायर बदलायला मागे हात घालणाऱ्याला शॉक. घरात लहान मूल असेल, ओल्या हाताने कोणी आवाज कमी करायला गेलं तर काय होईल ते मी वेगळं सांगायला नको. हे काम मी बऱ्याच घरांत बघितलंय आणि दर वेळी जीव घाबरतो.

आता पिन काढल्यावर आवाज का गेला ते समजून घ्या, म्हणजे खरा उपाय आपोआप कळेल. तुमच्या अँपला अर्थ मिळतो बिल्डिंगच्या अर्थिंगमधून. टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्सला बहुतेक दोनच पिना असतात, म्हणून वाटतं की त्यांना अर्थच नाही, पण त्यांना अर्थ मिळतो केबलवाल्याच्या वायरीतून! त्या जाड काळ्या वायरीची बाहेरची जाळी कुठून कुठून फिरून येते आणि वाटेत कुठेतरी जमिनीला टेकलेली असते. या दोन अर्थमधे थोडासा फरक असतोच, अर्धा-एक व्होल्ट असला तरी पुरे, आणि तुम्ही टीव्ही-अँप जोडले की त्या आरसीए वायरीच्या जाळीतून तो करंट गोल फिरायला लागतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून तो जाड, खालच्या सुरातला हूं. गाण्याचा सिग्नलच मुळात एक व्होल्टच्या आतबाहेरचा, त्यात काही मिलिव्होल्ट जरी मिसळले तरी अँप ते इमाने इतबारे मोठे करून स्पीकरला देतो.

खात्री करायची असेल तर नवीन प्लग बसवल्यावर सगळं बंद करा, सेट-टॉप बॉक्सच्या मागची केबलची वायर सोडवून ठेवा, मग अँप आणि टीव्ही चालू करा. हूं गेला तर चोर तिथेच आहे. केबलवाल्याच्या वायरीला मधे लावायचा आयसोलेटर मिळतो, तो सिग्नल जाऊ देतो पण जाळीचा सलग जोड तोडतो, तो बॉक्सच्या अलीकडे लावायचा. पण तुमच्याकडे छत्रीवालं डीटीएच असतं तर हा उपाय चालला नसता, कारण छत्रीवरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, म्हणजे एलएनबीला, त्याच वायरीतून पॉवर जाते आणि आयसोलेटर ती अडवतो.

मला विचाराल तर टीव्हीच्या मागे ऑप्टिकल आउट आहे का बघा. ऑप्टिकल वायरीतून फक्त उजेड जातो, तांब्याचा धागाही नाही, त्यामुळे लूप होणारच नाही. अँपला ऑप्टिकल इनपुट नसेल तर मधे छोटा डॅक, म्हणजे डिजिटल आवाज अँपला चालेल असा करून देणारा डबा, लावा, पण त्याचा अडॅप्टर वेगळा दोन पिनचा ठेवा, टीव्हीच्या यूएसबीतून पॉवर घेतलीत तर लूप परत जुळेल. टीव्हीच्या मेनूत ऑडिओ पीसीएम (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) करायला विसरू नका, नाहीतर साधा डॅक गप्प बसेल आणि तुम्ही मला शिव्या द्याल.

आणि हो, टीव्ही, बॉक्स, अँप सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. एवढा लोड सहा अँपिअरच्या सॉकेटला सहज चालतो. त्याने केबलचा लूप जाणार नाही, पण दोन भिंतींवरच्या दोन सॉकेटमुळे होणारा तरी टळेल.

प्रश्न : पंचवटीत आमचा जुना वाडा आहे. आजोबांचा रेकॉर्ड प्लेयर दुरुस्त करून घेतला, पण गाण्याबरोबर जोरात भुणभुण येते. टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) लोखंडाला बोट लावलं की कमी होते. सॉकेट सगळे दोन पिनचे आहेत.

उत्तर : बोट लावल्यावर कमी होते म्हणजे जवळपास उत्तर मिळालंच. रेकॉर्ड प्लेयरच्या मागून दोन आरसीएबरोबर एक बारीक वायर येते, टोकाला चिमट्यासारखी पट्टी असते. ती अँपच्या मागे ग्राउंड लिहिलेल्या स्क्रूला घट्ट कसा. दुरुस्तीत बऱ्याचदा ही वायर तुटते किंवा कारागीर कापून टाकतो, तर आधी ती आहे का तेच बघा. कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या डबीतून, येणारा सिग्नल फक्त पाचेक मिलिव्होल्टचा, अँप तो साधारण शंभर पट वाढवतो मग पुढे पाठवतो, त्यामुळे इथे जरासुद्धा गडबड सहन होत नाही.

वायर लावूनही थोडी राहिली तर प्लेयर अँपपासून लांब न्या. ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र कार्ट्रिजमधल्या गुंडाळ्यांना थेट लागतं आणि त्याला कुठलंही अर्थिंग थांबवत नाही. एकावर एक ठेवले असतील तर वेगळे करा, फूट-दीड फुटाने केवढा फरक पडतो ते ऐकूनच कळेल.

वाड्याच्या वायरिंगचं मात्र मनावर घ्या. कोणी म्हणेल थ्री-पिन सॉकेट बसवून अर्थ आणि न्यूट्रल आतच जोडून देतो, त्याला नाही म्हणा, न्यूट्रल मधेच तुटली तर बॉडीवर पूर्ण फेज येते. लायसन्सवाल्या वायरमनकडून खड्डा घेऊन नीट अर्थिंग करून घ्या, घरात ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवा, आणि एप्रिल-मेमधे माती कोरडी पडते तेव्हा खड्ड्यात पाणी घालत जा.

प्रश्न : सिडकोत राहतो. फॅन चालू केला की स्पीकरमधे चर्र्र आवाज, बंद केला की गायब. महावितरणला तक्रार करू का?

उत्तर : नको, हे तुमच्या रेग्युलेटरचं काम आहे. गोल फिरवायचे डिमरसारखे रेग्युलेटर विजेची लाट मधेच कापतात, म्हणून तो टोकदार चर्र्र. फॅन पूर्ण स्पीडला ठेवून ऐका, आवाज कमी झाला तर खात्री झाली. कपॅसिटरवाला स्टेप रेग्युलेटर बसवा, फॅनची स्वतःची घूं घूं पण कमी होईल.

त्यानंतरही व्हॉल्यूम शून्यावर असताना घरघर राहिली तर ती १०० हर्ट्झची, अँपच्या आतल्या पॉवर सप्लायची असू शकते, पंधरा-वीस वर्षांच्या अँपमधे फिल्टर कपॅसिटर कोरडे पडतात. झाकण स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात चार्ज बसलेला असतो. अँप उचलून रिपेअरवाल्याकडे न्या आणि व्हॉल्यूम शून्यावरही आवाज येतो हे त्याला आवर्जून सांगा, त्याचा अर्धा वेळ वाचेल.