साबण कुठला ते राहू द्या, हात कधी धुता ते सांगा

प्रश्न : डॉक्टरताई, माझा नातू साडेतीन वर्षांचा आहे. बालवाडीत जायला लागल्यापासून त्याला सारखी सर्दी असते, पावसाळ्यात दोनदा जुलाबही झाले. सूनबाईने '९९.९ टक्के जंतू मारणारा' महागडा साबण आणलाय आणि पोरगं अंगणातून आलं रे आलं की त्याला हात धुवायला पिटाळते. आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी. आमची चार पोरं मातीत लोळून मोठी झाली, कुणाला काही झालं नाही. फार स्वच्छतेने प्रतिकारशक्ती कमी होते म्हणतात, ते खरं का?
– एक आजी, नाशिक जिल्हा

उत्तर : आजी, निकाल अर्धा तुमच्या बाजूने देते, अर्धा सूनबाईंच्या. दोघीही थोड्या नाराज व्हाल, त्याला इलाज नाही.

बालवाडीतल्या मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं हे मी आजारपण धरत नाही. हात धुतल्याने ती थोडी कमी होईल, बंद होणार नाही. जुलाबाची गोष्ट वेगळी. साबणाने हात धुवायची सवय लागली की मुलांचे जुलाब साधारण तिसऱ्या हिश्शाने कमी होतात, असं बऱ्याच देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. साबणाच्या वडीच्या किमतीत एवढा गुण येणारं दुसरं काही मला तरी माहीत नाही.

नातवाला मातीत खुशाल खेळू द्या. खेळ मोडून दर दहा मिनिटांनी हात धुवायची गरज नाही. पण जुलाब, विषमज्वर आणि अ प्रकारची कावीळ हे आजार माणसाच्या विष्ठेतून हातावर आणि हातावरून तोंडात जातात. त्या जंतूंशी ओळख करून घेऊन प्रतिकारशक्ती वाढवायची हौस कुणी करू नये. 'आमच्या पोरांना काही झालं नाही' हे वाक्य मी दवाखान्यात रोज ऐकते. १९७१ साली देशात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १२९ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. २०२० पर्यंत हा आकडा २८ वर आला. श्रेय लसींचं, दवाखान्यातल्या बाळंतपणांचं, सुधारलेल्या पाण्याचंही आहे, एकट्या साबणाचं नाही. पण ज्यांच्या घरात 'काही झालं', त्या आजी हे वाक्य बोलत नाहीत.

आता सूनबाईंचा साबण. साधी वडी पुरते. हातावरच्या तेलकट थरात जंतू चिकटून बसलेले असतात. साबण तो थर सोडवतो आणि चोळून ओतलेलं पाणी सगळंच घेऊन जातं. जंतू मेलेच पाहिजेत असं नाही, गटारात गेले तरी आपलं काम झालं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली ट्रायक्लोसानसह १९ जंतुनाशक द्रव्यं घरगुती साबणांतून काढायला लावली, कारण साध्या साबणापेक्षा ती सरस आहेत हे कंपन्यांना सिद्ध करता आलं नाही. उरलेल्या पैशांत नातवाला केळी आणा.

माझा खरा आक्षेप वेळेवर आहे. आपल्याकडे जेवण झाल्यावर रश्श्याचा वास जावा म्हणून साबण लागतो, आणि जेवायला बसताना मात्र बोटांची टोकं ओली केली की झालं! हे अगदी उलटं आहे. संडासाहून आल्यावर, बाळाची शी धुतल्यावर, कणीक मळायच्या आधी, मुलाला भरवायच्या आधी: साबण तिथे हवा. तान्ह्या बाळाची शी 'निर्मळ' असते ही समजूतही सोडा. भरवायचं काम बहुधा तुमच्याकडेच असेल, म्हणजे आधी तुमचे हात. माझ्याकडे येणाऱ्या पोरांना मी कधी कधी बेसिनपाशी उभं करते. तळवे जोरात चोळतात, अंगठा मात्र कोरडाच राहतो आणि नखांकडे कुणी वळत नाही. वीस सेकंद चोळायला हवं. नातवाला वीसपर्यंत सावकाश आकडे म्हणायला लावा, उजळणीही होईल.

पाण्याचं तुमचं दुखणं खरं आहे. पण हात ओले करून नळ किंवा तांब्या बाजूला ठेवायचा, कोरड्यातच फेस काढायचा आणि मग पाणी घ्यायचं. दोन पेल्यांत काम होतं. गार पाणी चालतं. झाकणाला भोक पाडलेली प्लास्टिकची बाटली मोरीपाशी टांगली तर मूल एकट्याने धुऊ शकतं. बादलीत हात बुचकळून मात्र धुवायचे नाहीत, कारण एकाची घाण मग सगळ्यांना. आठवडाभर साठवलेल्या पाण्याबाबत तर जास्तच जपा. पिण्याचं पाणी ओगराळ्याने काढा, पेला धरलेली बोटं माठात बुडवू नका.

आणि तो खिळ्यावरचा नॅपकिन! त्यानेच ओटा, त्यानेच पातेल्याचं बूड, त्यानेच पोराचं नाक. पावसाळ्यात तो वाळतही नाही. धुतलेले हात त्याला पुसण्यापेक्षा हवेत झटकून वाळवलेले परवडले.

पुन्हा जुलाब झाले तर पहिल्या तासापासून ओआरएस सुरू करा. शौचात रक्त दिसलं, लघवी कमी झाली किंवा मूल मलूल पडलं, तर घरी थांबू नका.

प्रश्न : पहिलीतल्या मुलीच्या दप्तरात सॅनिटायझर द्यावं का?
– एक आई, पुणे

उत्तर : मी देणार नाही. मळक्या, चिकट हातांवर ते नीट चालत नाही, उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरसवर फारसं लागू पडत नाही, जंतांच्या अंड्यांवर तर नाहीच. शिवाय त्यात साठ टक्क्यांच्या वर अल्कोहोल असायला हवं, म्हणजे सहा वर्षांच्या मुलीच्या हाती ती बाटली नको. वासाला छान असलं की मुलं चाखून बघतात. डब्याआधी हात धुवायला शाळेत नळ असतो, पण साबण असतोच असं नाही. छोट्या डबीत साबणाचा तुकडा द्या. तो हरवेल. दुसरा द्या.