कायदा-सल्ला : लोकपाल कार्यालयातील वकिली

प्रश्न : बारा वर्षे जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली केली आहे. लोकपाल कार्यालयात पूर्णवेळ विधी सल्लागाराचे काम मिळाल्यास त्याचे स्वरूप कसे असेल, आणि वकिली सुरू ठेवता येईल का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. पूर्णवेळ पगारी नोकरी पत्करल्यावर बार कौन्सिलला कळवून सनद (वकिलीचा परवाना) स्थगित ठेवावी लागते.

कामाचे स्वरूप मात्र तुमच्या सवयीच्या उलट आहे. न्यायालयात तुम्ही एका बाजूने बोलता. इथे टिपणी लिहिताना तक्रारदार आणि लोकसेवक (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो) या दोघांनाही हातभर लांब ठेवावे लागते. तक्रार प्रतिज्ञापत्रासह आहे का, आरोपित कृत्याला सात वर्षे उलटून तर गेली नाहीत ना, आणि चाळीस पानी जोडपत्रांत आरोपाला खरोखर आधार देणारे पान कोणते, हे आधी पाहावे लागते. (अनेकदा ते एकच पान निघते, आणि तेही अस्पष्ट झेरॉक्स.) २०१३च्या लोकपाल कायद्यानुसार प्राथमिक चौकशी साधारणतः ९० दिवसांत उरकायची असते आणि सकृद्दर्शनी (प्रथमदर्शनी) आरोपात तथ्य दिसले, तरी पुढील तपासाचा आदेश देण्यापूर्वी लोकसेवकाचे म्हणणे ऐकावे लागते, ही पायरी घाईत चुकली, तर उच्च न्यायालयात भक्कम प्रकरणही डळमळते.

उलटतपासणीची झिंग इथे नाही, हे माझे स्पष्ट मत. तुम्हाला युक्तिवादापेक्षा कागद वाचण्यात रस असेल, तरच अर्ज करावा.