कबड्डी की धावणं? आत्ताच ठरवू नका

प्रश्न : मुलगी नववीत आहे. २०० मीटर धावणं आणि कबड्डी, दोन्हींत विभागीय स्पर्धेपर्यंत गेली. धावण्याचे सर म्हणतात, कबड्डीत गुडघा गेला की सगळं संपलं. कबड्डीच्या ताई म्हणतात, दोन दगडांवर पाय नको. कोणता खेळ सोडायला लावू? – एक पालक

उत्तर : नमस्कार. या वर्षी तरी कोणताच नाही. एक खेळ निवडायची वेळ येते ती तारखा आदळल्या की, किंवा शरीर नाही म्हणालं की. तुमच्या पत्रात यातलं काहीच झालेलं दिसत नाही.

चुनी गोस्वामी १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय फुटबॉल संघाचे कर्णधार. त्याच सुमारास ते बंगालकडून रणजीही खेळू लागले. कोलकात्याचा फुटबॉल पावसाळ्यातला, क्रिकेट थंडीतलं, म्हणून जमलं. फुटबॉल सुटल्यावरही क्रिकेट हाताशी होतंच. १९७१-७२ला त्यांच्या नेतृत्वाखाली बंगाल रणजीच्या अंतिम सामन्यात पोचला. (मुंबईने हरवलं, ते सोडा.)

तारखा आदळल्या त्या मद्रासच्या एम. जे. गोपालन यांच्या. १९३६ला बर्लिन ऑलिंपिकची हॉकी आणि क्रिकेटचा इंग्लंड दौरा एकाच उन्हाळ्यात आले. त्यांनी क्रिकेट घेतलं. दौऱ्यात एकही कसोटी मिळाली नाही, आणि हॉकी संघाने अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ हरवून सुवर्ण आणलं. लोक हळहळतात. मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही. बोटीत चढताना हे कुणाला ठाऊक होतं? शिवाय तो त्यांनी देशाच्या संघाच्या दारात उभं राहून घेतला, शाळेत नव्हे.

आता गुडघा. सरांची भीती खोटी नाही, पकडीत गुडघा वाईट पिळवटतो. पण मला जास्त काळजी थकव्याची वाटते. सकाळी ट्रॅक, संध्याकाळी मॅट, आणि दोघांनाही तिचा अर्धाच दिवस दिसतो. एक वही करा. सकाळी किती धावली, किती जोरात, पोटरी की मांडी दुखतेय, हे तिने लिहायचं. ताईंनी ते वाचूनच संध्याकाळचा सराव ठरवायचा. पूर्ण वेगाच्या धावण्याचा दिवस आणि पकडींचा दिवस वेगळे ठेवा. आठवड्यात एक दिवस दोन्ही बंद. वजन उतरू लागलं किंवा पाळी चुकू लागली तर डॉक्टरांना दाखवा, ‘खेळणाऱ्या मुलींचं असंच असतं’ म्हणून सोडू नका.

प्रमाणपत्रं मात्र दोन्ही खेळांची जपा. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. तिथे स्पर्धेचा दर्जा पाहतात आणि प्रमाणपत्राची पडताळणीही होते.

एक राहिलंच. पत्रात सर आहेत, ताई आहेत, तुम्ही आहात. तिचं एक वाक्य नाही. पुढे दोन स्पर्धा खरंच एका आठवड्यात आल्या तर जरूर कळवा, फक्त तेव्हा पत्र तिला लिहू द्या.