वडिलांची वही आणि दुसरा रकाना

“आज याने कपाटातले पैसे उचलले, उद्या हा कोणाचा तरी जीव घेईल,” हे वाक्य त्या वडिलांनी खुर्चीत बसण्याआधीच उच्चारले होते. बावीस वर्षांचा मुलगा दीड वर्षापासून गर्द, म्हणजे भेसळयुक्त हेरॉइन, ओढत होता. चोऱ्या, मारामाऱ्या, मोडलेले संसार या सगळ्यांचे मूळ अमली पदार्थांतच आहे, त्यामुळे आपल्या घरात आता एक गुन्हेगार वाढतो आहे, अशी त्यांची खात्री झाली होती. व्यसनी मुलांचे पालक ही भीती माझ्यापुढे इतक्या वेळा मांडतात, की हा अनुभव ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून आणि त्या कुटुंबाच्या संमतीने येथे लिहीत आहे.

वडील आयुष्यभर हिशेबाचे काम करणारे असल्याने त्यांनी घरातून गेलेल्या प्रत्येक रकमेची तारखेसह नोंद ठेवली होती. मी त्यांच्या मताशी वाद घातला नाही. फक्त त्या वहीत शेजारी दुसरा रकाना आखून, त्या सुमारास घरात आणि मुलाच्या आयुष्यात काय चालले होते ते आई, वडील आणि मुलगा या तिघांनी मिळून भरावे, असे सुचवले.

हा रकाना भरायला तीन बैठका लागल्या. पहिली चोरी व्यसनाच्या आठ महिने आधीची निघाली. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत नापास झाल्याचे मुलाने घरी लपवले होते, फीचे पैसे खर्च करून टाकले होते आणि मित्रांकडून घेतलेली उसनवारी फेडण्यासाठी कपाटाला हात घातला होता. उघडकीला येण्याच्या धास्तीने झोप उडाली आणि त्या झोपेसाठी कोणीतरी पुढे केलेली पुडी त्याने घेतली. गर्द त्याच्याकडे चोरीचे कारण म्हणून आली नव्हती; चोरीमागे जी अडचण होती, तिच्यावरचा उतारा म्हणून ती आली होती.

मात्र एवढ्यावरून पदार्थाला निर्दोष ठरवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते, आणि तसे करणाऱ्या काही सहव्यावसायिकांशी माझे पटत नाही. त्याच वहीत पुढे दोन-तीन महिन्यांनी होणारी चोरी आठवड्यावर येऊन ठेपलेली स्पष्ट दिसत होती. डोस चुकला की अंग मोडून येणे, जुलाब, घाम आणि अस्वस्थता सुरू होते, आणि त्या अवस्थेतला माणूस पैसा कोणाचा आहे हा विचार फार काळ करू शकत नाही.

अमेरिकी अभ्यासक पॉल गोल्डस्टीन यांनी १९८५ मध्ये अमली पदार्थ आणि हिंसा यांच्या संबंधाची तीन वाटांनी फोड केली होती: नशेचा मनावर होणारा परिणाम, नशेसाठी लागणारा पैसा आणि बेकायदा बाजारातील दंडेली. वडिलांना पहिल्या वाटेची भीती होती. वास्तविक गर्द माणसाला सुस्त करते. नशेतल्या मारहाणीशी अधिक घट्ट जोडलेला पदार्थ म्हणजे दारू, जी बहुतेक देशांत उघडपणे विकली जाते. (हे ऐकून आईने वडिलांच्या धाकट्या भावाचे नाव घेतले आणि काही क्षण कोणीच बोलले नाही.) मुलगा प्रत्यक्षात दुसऱ्या वाटेवर होता, आणि घराच्या दाराशी आलेली धमकी तिसऱ्या वाटेची होती. पुड्या विकणाऱ्याची उधारी थकली होती, आणि अशा व्यवहारात वसुलीसाठी न्यायालय नसल्यामुळे धाक हेच वसुलीचे साधन ठरते. अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात दारूच्या धंद्यावरून टोळ्या एकमेकींवर गोळ्या झाडत होत्या. बंदी उठल्यावर दारू राहिली, पण तिच्या विक्रीसाठीचे ते टोळीयुद्ध ओसरले. पदार्थ तोच असूनही त्याच्याभोवतीचा गुन्हा बदलतो, एवढे यावरून निश्चित दिसते.

वहीतल्या दोन मोठ्या रकमा तर मुलाने घेतल्याच नव्हत्या. त्या आईने गुपचूप काढून उधारी भागवण्यासाठी दिल्या होत्या आणि त्यांचा आळ मुलाने निमूट सोसला होता. तीनही बैठकांत वडील पहिल्यांदा त्याच्याकडे वळून बोलले ते हे समजल्यावर.

संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये जगात सुमारे २९.२ कोटी लोकांनी अमली पदार्थ घेतले आणि त्यांपैकी व्यसनविकार जडलेले सुमारे ६.४ कोटी होते. घेणारा प्रत्येक जण व्यसनी होत नाही, मग गुन्हेगार होणे तर दूरच. परंतु हा मुलगा त्या ६.४ कोटींतला होता, म्हणून केवळ दिलासा देऊन भागणार नव्हते. मनोविकारतज्ज्ञांनी त्याला ब्युप्रेनॉर्फिन हे गर्दची तलफ आणि ती सोडताना होणारा त्रास कमी करणारे औषध सुरू केले. नियमित औषधाने तलफ आटोक्यात आली की पैशासाठी होणाऱ्या चोऱ्या घटतात, हा अनुभव अनेक देशांत आला आहे. स्वित्झर्लंडने १९९४ पासून, इतर उपचार लागू न पडलेल्या रुग्णांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली थेट हेरॉइन देऊन पाहिले, तेव्हा त्या रुग्णांच्या चोऱ्यांमध्येही मोठी घट झाली. नापास झालेल्या विषयांचे काय करायचे, यावर मात्र आम्ही औषधापेक्षा कितीतरी जास्त वेळ घालवला.

पाचव्या महिन्यात त्याने एकदा पुन्हा गर्द ओढली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच घरी सांगितले. घरातून काहीही गेले नव्हते. वडिलांनी फोन करून विचारले, की चोरीच झालेली नसताना ही नोंद वहीत करायची का. मी म्हटले, तारीख तुम्ही लिहा, दुसरा रकाना त्याला भरू द्या.