गटचर्चेत किती बोलायचं, कधी बोलायचं? बँक अधिकारी भरतीबद्दल खानदेशातल्या वाचकांचे प्रश्न

मुख्य परीक्षेचे निकाल लागले की जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. गणित आणि तर्क मागे पडतात आणि ‘अनोळखी आठ जणांत बोलायचं कसं’ हा प्रश्न पुढे येतो. एकसारखी पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

मी आयबीपीएस (अनेक सरकारी बँकांसाठी एकत्र भरती परीक्षा घेणारी संस्था) आणि स्टेट बँक, दोन्हीकडचे पीओचे (प्रोबेशनरी ऑफिसर) फॉर्म भरले आहेत. गटचर्चा दोन्हीकडे असते का? तिला गुण किती? (चोपडा)

दोन्हीकडे नसते. आयबीपीएसच्या पीओ भरतीत मुलाखत आहे, गटचर्चा नाही. तिथे अंतिम यादीत मुख्य परीक्षेला ८० टक्के आणि मुलाखतीला २० टक्के वजन असतं.

स्टेट बँकेच्या पीओ भरतीत तिसऱ्या टप्प्यात मानसशास्त्रीय चाचणी, २० गुणांची ग्रुप एक्सरसाइज आणि ३० गुणांची मुलाखत असते. हे ५० गुण २५ पैकी धरले जातात, मुख्य परीक्षेचे २५० गुण ७५ पैकी. पूर्वपरीक्षेचे गुण यादीत येत नाहीत. म्हणजे ग्रुप एक्सरसाइजचे २० गुण शेवटच्या १०० मध्ये १० भरतात. मुख्य परीक्षेत तेवढाच फरक पाडायचा तर ३३ गुण जास्त लागतील. हा हिशेब एकदा मांडला की शेवटचे तीन आठवडे कशावर घालवायचे ते आपोआप ठरतं.

बँक ऑफ बडोदासारख्या काही बँका स्वतःच्या थेट भरतीत ‘गटचर्चा आणि/किंवा मुलाखत’ असा शब्दप्रयोग करतात. तिथे दोन्हींची तयारी ठेवा. आपल्या वर्षाची जाहिरात आणि कॉल लेटर शब्दन्‌शब्द वाचा, कारण टप्पे आणि गुण त्यातच ठरतात.

ग्रुप एक्सरसाइज म्हणजे गटचर्चाच ना? मग वेगळी तयारी कशाला? (अमळनेर)

फरक मोठा आहे. गटचर्चेत ‘सरकारी बँकांचं खाजगीकरण व्हावं का’ असा विषय येतो आणि बाजू मांडून संपलं तरी चालतं. ग्रुप एक्सरसाइजमध्ये बहुधा एक प्रसंग लिहिलेला कागद मिळतो, वाचायला थोडी मिनिटं मिळतात आणि गटाने मिळून निर्णयावर यायचं असतं. क्रम लावा, पाचपैकी तीन निवडा, पैसे वाटा, असं काहीतरी. निर्णय न होताच वेळ संपली तर अख्ख्या गटाचं नुकसान होतं. त्यात सुंदर बोललेलाही सापडतो.

एक सरावाचा प्रसंग देतो. सातपुड्याच्या पायथ्याची शाखा, चार कर्मचारी, मे महिन्याचा पहिला आठवडा. अडचणी पाच: पासबुक प्रिंटर बंद आहे. निराधार योजनेच्या पैशासाठी महिन्याच्या ठरावीक दिवशी दोनशे माणसांची रांग लागते. दीडशे पीककर्जं नवं-जुनं करायची राहिली आहेत. नेटवर्क दिवसातून दोनदा जातं. आणि एक बँकमित्र (गावात बँकेतर्फे पैसे काढून-भरून देणारा प्रतिनिधी) म्हाताऱ्या बायांकडून पैसे काढून देण्याचे वीस-वीस रुपये घेतो, अशी तक्रार आहे. महिनाभरात तीन गोष्टी हातात घ्यायच्या आहेत.

बहुतेक गट इथे लगेच ‘माझ्या मते प्रिंटर पहिला’, ‘नाही, नेटवर्क पहिलं’ असं सुरू करतात. दहा मिनिटांत पाच क्रम तयार होतात, एकही ठरत नाही. आधी कसोटी ठरवा: कशात लोकांचे पैसे किंवा बँकेवरचा विश्वास धोक्यात आहे, कशाला मुदत आहे, काय आपल्या शाखेच्या हातात आहे. मग निवड सोपी होते. बँकमित्राची तक्रार पहिली, कारण तिथे गरिबाच्या हक्काच्या पैशातून कपात होते आहे. चौकशी होईपर्यंत शाखेतला माणूस त्या गावी पाठवायचा. पीककर्ज दुसरं, कारण मृगाच्या पेरणीआधी शेतकऱ्याच्या हातात पैसा हवा. शिवाय केसीसीवर (किसान क्रेडिट कार्ड) तीन लाखांपर्यंतच्या कर्जाला ७ टक्के व्याज आणि वेळेवर भरणाऱ्याला ३ टक्क्यांची सूट आहे; मुदत चुकली की ४ टक्क्यांचं कर्ज त्याला महाग पडतं. तिसरी रांग: गावनिहाय दिवस वाटून द्यायचे. प्रिंटर एका फोनचं काम आहे, तो तीनांत धरायचाच नाही. नेटवर्क शाखेच्या हातात नाही, त्यासाठी वरच्या कार्यालयाला लिहायचं.

तुमचा क्रम वेगळा असू शकतो. कसोटी गटासमोर मांडणारा उमेदवार मात्र परीक्षकाच्या लक्षात राहतो, कारण उद्या शाखेत त्याला हेच काम करायचं आहे.

विषय मिळाला की दोनच मुद्दे सुचतात. पाठ केलेली माहिती ऐनवेळी आठवत नाही. (रावेर)

माहिती सुटी पाठ केली की ती सुटीच राहते. विषय कोणताही असो, कागदावर पाच रकाने पाडा: फायदा कोणाला, तोटा कोणाला, बँकेवर परिणाम, सरकारवर परिणाम, दुसरा मार्ग कोणता. प्रत्येकात एकच ओळ. तीन मिनिटांत पाच मुद्दे जमतात.

कर्जमाफीचा विषय घ्या, तो तुमच्या शिवारातला आहे. फायदा: ज्याचं पीक बुडालं त्याला नवं कर्ज मिळण्याचा रस्ता मोकळा होतो. तोटा: सावकाराकडून घेतलेल्याला काही मिळत नाही, कारण माफी बँका आणि सोसायट्यांच्या कर्जाला असते, आणि वेळेवर भरणारा मागे राहतो. महाराष्ट्रात २०१७ ची दीड लाखांपर्यंतची आणि २०१९ ची दोन लाखांपर्यंतची, अशा दोन्ही योजनांत नियमित भरणाऱ्यांसाठी प्रोत्साहनाची रक्कम वेगळी ठेवावी लागली. हा मुद्दा गटात फार कमी जण मांडतात, आणि तो वजनदार आहे.

बँकेवर परिणाम सांगताना एनपीएचा, म्हणजे अनुत्पादक कर्जाचा, नियम नीट माहीत हवा. साधं कर्ज ९० दिवस थकलं की अनुत्पादक ठरतं. पीककर्जाला तो नियम नाही. कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकल्यावर, लांब मुदतीच्या पिकाचं एक हंगाम थकल्यावर एनपीए होतं, कारण शेतकऱ्याचा पैसा महिन्याला येत नाही, माल निघाल्यावर येतो. इथे ‘९० दिवस’ सांगून मोकळे होणारे उमेदवार पुष्कळ असतात. माफीची चर्चा सुरू झाली की ऐपत असलेलाही भरणं थांबवतो, हा बँकेचा खरा त्रास.

दुसरा मार्ग म्हणजे विमा. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ ची. शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी आणि फळपिकांना ५ टक्के असा ठरला. केळीला हवामानावर आधारित फळपीक विमा आहे: थंडी, उष्णता, वाऱ्याचा वेग यांच्या नोंदींवर भरपाई ठरते. हवामान केंद्र एका गावात आणि वादळ दुसऱ्या शिवारात, ही त्यातली अडचण तुम्हाला रावेर-यावलमध्ये कोणीही सांगेल. ती गटात सांगा आणि लगेच उपाय जोडा: केंद्रांची संख्या वाढवणं, नुकसानीच्या जागेवर पंचनामा.

अशा एकेका विषयावर एक पान तयार करा. दहा-बारा विषय पुरतात: बँकांचं राष्ट्रीयीकरण (१९६९ मध्ये १४, १९८० मध्ये ६) आणि खाजगीकरण, २०१७ आणि २०२० ची विलीनीकरणं, यूपीआय आणि सायबर फसवणूक, जनधन, मुद्रा, थकीत कर्जं आणि २०१६ ची दिवाळखोरी संहिता, ठेव विमा (२०२० पासून पाच लाख), हवामानबदल आणि शेती, महिला बचतगट. आकडा अंदाजे आठवत असेल तर सांगू नका. एक चुकीचा आकडा समोरच्याने दुरुस्त केला की आधीचे चार बरोबर मुद्देही संशयात जातात.

शिक्षण मराठी माध्यमातून. घरी अहिराणी. हिंदी अडखळते, इंग्रजी त्याहून. आमचं काय? (शिरपूर)

गटचर्चा कोणत्या भाषेत घेणार हे कॉल लेटरमध्ये पाहा आणि सराव त्याच भाषेत करा. अडखळण्याचं मोठं कारण लांब वाक्य असतं. ‘जो’, ‘ज्याला’ करत सुरू केलेलं वाक्य दुसऱ्या भाषेत मध्येच तुटतं. आठ-दहा शब्दांचं वाक्य करा, पूर्ण करा, थांबा.

रोजचा सराव असा: मराठी वर्तमानपत्रातली एक आर्थिक बातमी वाचा, तीन मुद्दे मराठीत लिहा, कागद उलटा ठेवा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करत एक मिनिट हिंदीत किंवा इंग्रजीत बोला. ऐका. अडलेली जागा लिहून तोच मिनिट पुन्हा बोला. आकडे मोठ्याने म्हणायचा वेगळा सराव करा. साडेसात टक्के, अडीच लाख कोटी, २०१६-१७ हे बोलताना भले भले थबकतात. उच्चारावर खानदेशी छाप राहिली तर राहू द्या. आवाज खाली पडणं, वाक्याचं शेपूट गिळणं, हे मात्र सुधारलंच पाहिजे. टेबलाच्या टोकाला बसलेल्यापर्यंत शेवटचा शब्द पोचला पाहिजे.

सगळे एकदम बोलतात, मला शिरताच येत नाही. आणि पहिल्यांदा बोलणाऱ्याला जास्त गुण मिळतात का? (भुसावळ)

आठ जण आणि पंधरा मिनिटं धरली तर एकाच्या वाट्याला दोन मिनिटांहूनही कमी येतं. म्हणून लक्ष्य ठेवा: तीन ते चार वेळा, दर वेळी तीस-चाळीस सेकंद. पहिल्या तीन मिनिटांत एकदा तरी बोलाच; पुढे संकोच वाढत जातो आणि जागाही मिळत नाही.

शिरायची जागा म्हणजे समोरचा मुद्दा संपवून श्वास घेतो तो क्षण. त्याचा क्रमांक किंवा मुद्दा धरून सुरुवात करा: ‘चार नंबरने विम्याचं सांगितलं, त्यात एक अडचण आहे.’ आधीच्याशी जोडलेलं बोलणं गट थांबून ऐकतो. तुटक नवा मुद्दा आरडाओरड्यात बुडतो. गोंधळ फारच झाला तर मुद्दा सांगू नका, व्यवस्था सांगा: ‘सहा मिनिटं उरली, दोन पर्यायांवर एकमत आहे, तिसरा ठरवू.’ आवाज न चढवता एवढंच म्हणा.

सुरुवात करण्याला वेगळे गुण आहेत असं धरून चालू नका. विषय समजला असेल आणि मांडणी तयार असेल तरच करा. बोलताना गटाकडे पाहा, परीक्षकांकडे नाही. राजकीय पक्ष, जात, धर्म यांवर शेरा नको. गप्प बसलेल्याला ‘तुमचं मत काय’ विचारणं चांगलं, पण एकदाच आणि मनापासून. तिघांना ओळीने विचारत बसलात तर तुमच्याकडे मुद्दे नाहीत हे दिसतं. आणि गटाचं एकमत झालेलं नसताना ‘निष्कर्ष असा की’ म्हणत स्वतःचंच मत रेटू नका.

साक्रीत क्लास नाही. अभ्यासिकेतली मुलं मिळून सराव करू शकतो का? (साक्री)

नक्की करा. आठ जण बोलायला, एक जण नोंदीला. नोंदणाऱ्याने प्रत्येकाच्या नावापुढे चार खुणा ठेवायच्या: किती वेळा बोलला, नवा मुद्दा आणला का, दुसऱ्याचं बोलणं तोडलं का, आधीच्या बोलण्याला जोडून बोलला का. चर्चेला पंधरा मिनिटं, त्यावर बोलायला वीस मिनिटं. नोंदीचं काम दर वेळी वेगळ्याला द्या. ऐकायला तिथेच शिकता येतं.

ओळखीच्या गटात दोन गोष्टी हमखास बिघडतात. एकमेकांचं कौतुक करून उठतात, आणि प्रत्येक जण नेहमी आपल्याच मताची बाजू घेतो. म्हणून बाजू चिठ्ठ्या टाकून ठरवा. महिन्यातून दोनदा दुसऱ्या गावच्या गटाशी व्हिडिओ कॉलवर चर्चा ठेवा.

बाहेरच्या शहरातल्या परीक्षकांसमोर आमच्या भागातली उदाहरणं द्यावीत का? (नंदुरबार)

द्या, एका वाक्यात. देशातलं पहिलं आधार कार्ड सप्टेंबर २०१० मध्ये तुमच्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. थेट खात्यात पैसे जमा होण्याच्या विषयात हे एक वाक्य आणि त्यामागे ‘ओळख मिळाली, पण पाड्यापासून शाखा लांब’ हा मुद्दा पुरेसा आहे. गावची हकीकत दोन मिनिटं सांगत बसलात तर तुमचा सगळा वेळ त्यातच जातो.

गटचर्चा आणि मुलाखत एकाच दिवशी असेल तर मधल्या वेळात काय करावं? (पाचोरा)

गटात आपण काय बोललो, कोणते आकडे दिले, शेवटी काय ठरलं, हे चार ओळींत लिहून ठेवा. मुलाखतीत त्यावर प्रश्न येऊ शकतो, आणि गटात एक आणि आत दुसरंच बोललात तर ते लगेच पकडलं जातं. गटाचा निर्णय तुम्हाला पटला नसेल तर तसं सांगायला हरकत नाही. का मान्य केला, ते कारण मात्र तयार ठेवा.