पोटाला चिमटा घेऊनही ग्रीसचं कर्ज वाढलं कसं?

प्रश्न: घरी वाद चाललाय. बाबा निवृत्त बँकवाले, त्यांचं म्हणणं कर्ज झालं की खर्च आवळायचा, मग घर असो नाहीतर देश. मी म्हटलं २००८ च्या मंदीनंतर ग्रीसने तेच केलं, तरी कर्ज वाढलं. बाबा म्हणतात नीट आवळलाच नसणार. खरं काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर: घराच्या बाबतीत बाबा बरोबर आहेत, पण ग्रीसने नीट आवळलं नाही हे मला अजिबात पटत नाही. चूक ग्रीसचीही होती, २००९ च्या ऑक्टोबरमध्ये नवं सरकार आलं तेव्हा कळलं की सरकारची तूट (उत्पन्नापेक्षा जास्तीचा खर्च) आधी सांगितली त्याच्या कितीतरी पट आहे, शेवटचा हिशोब तर जीडीपीच्या, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पन्नाच्या, १५ टक्क्यांवर गेला. मग मे २०१० मध्ये युरोझोन (युरो वापरणारे देश) आणि आयएमएफने (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) मिळून ११० अब्ज युरोचं पॅकेज दिलं, त्यातला बराचसा पैसा जुनी देणी फेडण्यात गेला, आणि अटी अशा की पगार कापा, पेन्शन कापा, टॅक्स वाढवा. व्हॅट एका वर्षात १९ वरून २३ टक्के झाला. २०१२ मध्ये किमान वेतन २२ टक्क्यांनी उतरवलं, पंचविशीच्या आतल्यांचं तर ३२ टक्क्यांनी. याहून जास्त काय आवळणार?

आता कर्जाचा आकडा बघा. २००९ ला ग्रीसचं कर्ज साधारण ३०० अब्ज युरो होतं, २०१४ ला ३२० च्या आसपास, म्हणजे फार वाढलंच नाही (२०१२ मध्ये खासगी कर्जदात्यांनी अर्ध्याहून जास्त रकमेवर पाणी सोडलं होतं, तेही धरा). पण जीडीपी मात्र २३८ अब्जांवरून १७८ वर आला. कर्ज मोजतात जीडीपीच्या टक्क्यात, त्यामुळे भागाकार १२६ टक्क्यांवरून १८० वर गेला. वरचा आकडा जवळपास तिथेच राहिला आणि खालचा ढासळला, एवढीच सगळी गोष्ट आहे.

खालचा का ढासळला, तर आपण घरी हॉटेलिंग बंद केलं म्हणून आपला पगार कमी होत नाही, पण सरकारने अथेन्समधल्या आजीची पेन्शन कापली की त्या पेन्शनवर जगणारा बेकार नातूही अडचणीत, कोपऱ्यावरचा दुकानदारही अडचणीत, आणि दुकानदाराकडून येणारा टॅक्सही घटतो, मग तूट भरायला पुन्हा कापायचं. आयएमएफने आधी धरलं होतं की १ युरो कापला तर उत्पन्न अर्ध्या युरोने घटेल. २०१३ मध्ये त्यांचेच प्रमुख अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिए ब्लांशार यांनी डॅनियल ली यांच्याबरोबर पेपर लिहून दाखवलं की मंदीच्या त्या वर्षांत ही घट एका युरोहूनही बरीच जास्त होती. तोपर्यंत ग्रीसमधली बेकारी २७ टक्क्यांवर गेली होती, तरुणांमधली तर निम्म्याहून जास्त, आणि हे वाचताना मला अजूनही राग येतो कारण त्या मुलांची ती वर्षं परत कोण देणार?

बाबा विचारतील, मग १९९१ ला आपण सावरलो ते कसं? आपणही आयएमएफकडे गेलो, सोनं गहाण टाकलं, खर्चही आवळला, पण जुलैमध्ये दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन केलं, त्यामुळे आपला माल बाहेर स्वस्त झाला. ग्रीसकडे स्वतःचं चलनच नव्हतं, द्राख्मा जाऊन युरो आला होता. शिवाय स्पेन, पोर्तुगाल, इटली सगळेच एकदम आवळत होते, मग माल विकणार कुणाला? आइसलँडच्या तीन मोठ्या बँका २००८ मध्ये एकाच आठवड्यात बुडाल्या, पण त्यांचा क्रोना जवळपास निम्म्यावर पडला, लोकांना महागाई सोसावी लागली खरी, तरी मासे आणि टुरिझमच्या जोरावर ते बरेच आधी उभे राहिले. ग्रीस पॅकेजमधून बाहेर पडला तो थेट ऑगस्ट २०१८ मध्ये.

प्रश्न: अमेरिकेने मंदीत पैसे ओतले, त्याचा आपल्याला कसला त्रास? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: ओतताना नाही, थांबवताना झाला. फेडरल रिझर्व्ह, म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक, महिन्याला ८५ अब्ज डॉलरचे बॉण्ड (कर्जरोखे) घेत होती, त्यातला पैसा जास्त व्याजासाठी आपल्याकडेही येत होता. मे २०१३ मध्ये तिचे अध्यक्ष बेन बर्नांकी नुसतं म्हणाले की खरेदी कमी करू शकतो, तर गुंतवणूकदार पैसे काढायला लागले आणि मे महिन्यात ५५ च्या आसपास असलेला डॉलर ऑगस्टअखेर ६८ च्या वर गेला. ज्यांचं पोर तिकडे शिकत होतं आणि ३० हजार डॉलर फी भरायची होती, त्यांचा साडेसोळा लाखांचा हिशोब तीन महिन्यांत २० लाख ४० हजारांवर गेला. सप्टेंबरमध्ये रघुराम राजन रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर म्हणून आले, रिझर्व्ह बँकेने परदेशातल्या भारतीयांच्या डॉलर ठेवींसाठी बँकांना स्वस्तात स्वॅपची (डॉलर देऊन रुपये घ्यायचे आणि नंतर ठरलेल्या दराने डॉलर परत मिळवायचे) सोय दिली आणि त्यातून सुमारे २६ अब्ज डॉलर आले, तेव्हा कुठे रुपया सावरला.